वेळेवर रडणारी माणसं

बाबा, गेल्या हिवाळ्यात मी एका बाईला आणायला दोह्याच्या विमानतळावर गेले होते आणि ती तिथेच, लोकांच्या वाटेत, फरशीवर फतकल मारून मोठमोठ्याने रडायला लागली. तुम्ही असतात तर ओठ न हलवता म्हणाला असतात, "लोक बघतायत." मीही तेच म्हणाले, फक्त इंग्रजीत. नावाच्या पाट्या धरून उभे असलेले ड्रायव्हर, करक चहाचे कागदी कप हातात घेतलेली माणसं, सगळे थबकून पाहत होते. सिक्युरिटीवाला धावत आला आणि मला विचारू लागला, "मॅडम, इनका सामान खो गया क्या?" तिचं सामान शाबूत होतं. तिच्यासमोर तिचा भाचा उभा होता, तिशीतला, आदल्या दिवशी दुसऱ्या विमानाने आलेला. वर्षाहून जास्त काळ त्यांची गाठ पडली नव्हती. तोही खाली बसला, डोळ्यांवर हात आडवा धरला आणि तिच्याबरोबर रडू लागला. रडणं म्हणजे मुसमुसणं नव्हे; उंच, बारीक, लांबवलेल्या सुरातलं, मधे मधे शब्द असलेलं रडणं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग दोघं एकदम थांबली, डोळे पुसले, आणि तिने उठून विचारलं, बाथरूम कुठे आहे.

ती कायापो होती. ब्राझीलच्या जंगलात, शिंगू नदीच्या आसपास त्यांची गावं आहेत. गाव गोल असतं, मधोमध पुरुषांनी बसायचं घर आणि भोवती राहती घरं. ती घरं बायकांची. लग्न झालं की नवरा आपलं बोचकं उचलून बायकोच्या आईकडे राहायला जातो. तुम्ही म्हणाला असतात, "म्हणजे गावच घरजावयांचं!" आणि स्वतःच्याच विनोदावर हसला असतात. बाई साठीची असेल. टाळूवरचे केस त्यांच्या रीतीप्रमाणे मधोमध तासलेले, आणि एक हात मनगटापर्यंत काळा, कारण त्या हातावर रंग घेऊन बायका पोराबाळांची अंगं रंगवतात. एका रानफळाचा रस असतो तो, त्यात कोळसा घोटतात. लावला की दुसऱ्या दिवशी गर्द काळा होतो आणि कितीही घासा, आठवडाभर जात नाही. आई पोराला मांडीवर घेऊन तासन्‌तास रंगवत बसते. रंगवलेलं पोर म्हणजे ज्याचं कोणीतरी आहे असं पोर. ही बाई काही भोळी आदिवासी वगैरे नव्हती हो. धरणाविरुद्ध राजधानीत जाऊन तिने अधिकाऱ्यांच्या नाकापुढे बोट नाचवलं होतं, आणि तिच्या फोनमध्ये माझ्या फोनपेक्षा जास्त ग्रुप होते.

मी तेव्हा प्रदर्शनं उभी करून देणाऱ्या एका छोट्या कंपनीत काम करत होते. कोणा श्रीमंत माणसाने जमवलेले कायापोंचे पिसांचे मुकुट मांडायचे होते, आणि उद्घाटनाला या बाईने गाणं म्हणायचं, पाहुण्यांचे हात रंगवायचे, असं ठरलं होतं. तिची बोली भाच्याला येई, भाच्याचं इंग्रजी मला कळे, आणि दिवसभर त्या दोघांना सांभाळणं हे माझं काम. गाडीत मी त्याला विमानतळावरच्या प्रकाराबद्दल विचारलं. तो म्हणाला, "मी गावात नव्हतो तेव्हा कोण कोण गेलं, ते मावशी मला सांगत होती."

"फोनवर कळवलं नव्हतं?"

"कळवलं होतं. पण फोनवर नुसतं कळतं." त्याने खिडकीबाहेर बघत शब्द शोधले. "आमच्यात मेलेल्याची बातमी रडून देतात आणि रडून घेतात. आधी रडायचं. मग पाणी, मग जेवण, मग बाकीच्या गप्पा." आणि ज्याचं माणूस गेलं तो गात नाही, नाचत नाही, रंग लावत नाही, बाकीचे त्याला पुन्हा रंगवून उठवेपर्यंत. मी म्हणाले, आमच्याकडेही असंच असतं, त्याला सुतक म्हणतात. हे म्हणताना मला तुमची आठवण झाली. म्हणून हे सगळं लिहिते आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, एवढ्या काळात मी तुम्हाला एक ओळ लिहिली नव्हती, आणि तुम्हीही ती मागितली नसती.

दुखानचं घर आठवतं? दोह्यापासून दूर, तेलकंपनीच्या वसाहतीतलं, बुटकं, खिडकीतल्या एसीची घरघर असलेलं. माझी दहावी. आई पित्ताशयाच्या ऑपरेशनला नाशिकला गेलेली, कारण इथे तिच्याजवळ बसायला कोणी नव्हतं आणि तिथे मामी होती. परीक्षेचं केंद्र दोह्यात. तुम्ही पहाटे उठून मला गाडीने न्यायचात. दोन्ही बाजूंना वाळू, मधे एखादा उंट, आणि तुम्ही गाडी चालवता चालवता मला सूत्रं विचारत असायचात. दुसऱ्या आणि तिसऱ्या पेपरच्या मधे आई गेली. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, तुम्हाला होतं. तिसऱ्या पेपरच्या सकाळी तुम्ही माझ्या तळहातावर दही-साखर ठेवलीत. मी पुन्हा लिहिते, बाबा, कारण लिहून झाल्यावरही हे वाक्य मला खरं वाटत नाही: घरात सुतक होतं आणि तुम्ही माझ्या हातावर शुभशकुनाचं दही ठेवलंत. सुतकात दाढी करत नाहीत; तुम्ही रोज गुळगुळीत दाढी करून, सेंट मारून गाडीत बसत होता, मला संशय येऊ नये म्हणून. तुम्ही नाशिकला गेला नाहीत. तुमच्या बायकोला मामाने अग्नी दिला आणि त्या वेळी तुम्ही शाळेच्या फाटकाबाहेर गाडीत बसून माझा भूमितीचा पेपर सुटायची वाट बघत होता. लोक याला त्याग म्हणतात. तुमच्या शोकसभेत एकाने तसं म्हटलंही. मी खुर्चीत बसून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, हा माणूस नुसता हट्टी होता.

सगळ्या वसाहतीला ठाऊक होतं. तुम्ही दारोदार जाऊन तंबी दिली होतीत. त्या दिवसांत मला कोण भरवत नव्हतं? पलीकडच्या रत्नागिरीच्या खाला रोज डबा घेऊन यायच्या, माझ्यासमोर बसायच्या आणि म्हणायच्या, "बाय, जेव गो, पोटभर जेव." मी जेवायचे. मला वाटायचं, दहावीला बसलेल्या मुलीचे लोक किती लाड करतात! एकदा त्या माझ्या डोक्यावर हात ठेवून उठल्याच नाहीत, तेव्हा तुम्ही हॉलमधून म्हणालात, "भाभी, तिचा अभ्यास आहे." त्या उठल्या, आणि पुढे परीक्षा संपेपर्यंत डबा त्यांचा नवरा आणून देऊ लागला. मी विचारलंही नाही. मला पेपर होते ना.

हे सगळं मी कधीतरी माफ केलं असतं. मोठी माणसं घाबरतात, घाबरली की मूर्खपणा करतात, हे मला आता माझ्या वयात कळतं. पण तुम्ही तेवढ्यावर थांबला नाहीत. मी म्हणायचे, मला आईशी बोलायचंय. तुम्ही म्हणायचात, घशात नळी घातली होती, तिला बोलायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. इथपर्यंत ठीक. मग संध्याकाळी तुम्ही ऑफिसातून यायचात, बूट काढता काढता सांगायचात, "मामाचा फोन होता. आईने विचारलंय, बीजगणित कसं गेलं?" मी खुशीत सांगायचे. दुसऱ्या दिवशी तुम्ही उत्तर आणायचात, "आई म्हणाली, शेवटचं गणित सोडवलंस ना, मग झालं." बोलाचीच कढी, बोलाचाच भात, आणि मी तो पोटभर जेवत होते. आई असं बोलायचीच नाही, बाबा. तिने माझ्या मार्कांची कधी चौकशी केली नव्हती. ती विचारायची, डबा खाल्लास का, आणि कोणाशी भांडलीस. तुम्ही तिच्या तोंडी तुमचे प्रश्न घातलेत. आज मला आईचं शेवटचं बोलणं आठवायचं म्हटलं की तुमची ती वाक्यं आठवतात, तुमच्या आवाजात, बुटाच्या नाड्या सोडतानाची. तिचं खरं शेवटचं वाक्य काय होतं, ते त्यांच्याखाली कुठेतरी दबून गेलं.

शेवटचा पेपर सामाजिक शास्त्राचा. परत येताना तुम्ही रस्त्यातल्या पेट्रोलपंपावर गाडी थांबवलीत. टाकी भरेपर्यंत विचारलंत, कसा गेला? मी म्हणाले, छान. तुम्ही खिडकीची काच वर केलीत आणि सांगितलंत. तोवर आईचा तेरावाही उरकला होता. मी विचारलं, "कधी?" तुम्ही दिवस सांगितलात. मी मनात मोजत गेले, त्यानंतर मी कोणकोणते पेपर लिहिले, कितीदा हसले, खालांच्या डब्यातलं मटण दोनदा मागून घेतलं. तुम्ही म्हणालात, "तुझ्या भल्यासाठीच केलं. समजून तरी काय करणार होतीस? वर्ष वाया गेलं असतं." मग थोड्या वेळाने, "आता रडून काय होणार, अकरावीचा विचार कर." मी रडत नव्हतेच. तुम्हाला वाटलं, मुलगी समजूतदार आहे. पुढे मैलभर गेल्यावर तुम्ही पुन्हा गाडी थांबवलीत, टायर बघतो म्हणालात, आणि डिकीच्या मागे बराच वेळ उभे राहिलात. टायर चांगले होते. मी आरशात तुमची पाठ बघत होते आणि मला जराही दया आली नाही. आजही येत नाही. त्या उभं राहण्याचे मार्क मी तुम्हाला देणार नाही.

मार्क मला मात्र भरघोस पडले. तुम्ही पेढे वाटलेत. खालांनी पेढा हातात घेतला आणि तसाच ठेवून दिला.

माझ्या मुलीला मी हे एकदा सांगितलं, तीही आता दहावीत आहे. ती मराठी समजते, बोलते इंग्रजी. म्हणाली, "सो आज्जी वॉज डेड, अँड यू वर डूइंग ट्रिगोनॉमेट्री?" मी म्हणाले, हो. "अँड एव्हरीबडी न्यू?" हो. ती म्हणाली, "दॅट्स सिक," आणि आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. एवढ्या थोड्या शब्दांत तुमच्याबद्दल इतकं नेमकं अजून कोणी बोललेलं नाही.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. तुमची बातमी आली तेव्हा मी एका मीटिंगमध्ये होते. मामाने फोन केला आणि मी त्याला बजावून ठेवलं होतं तसं त्याने लगेच, आढेवेढे न घेता सांगितलं. मी "बरं" म्हणाले, फोन ठेवला आणि मीटिंग पूर्ण केली. माझ्या समोरच्या माणसांना कळलंही नाही. तुम्हाला माझा अभिमान वाटला असता. मला रडू येत नाही, बाबा, कशालाच येत नाही. लग्नात पाठवणीला आलं नाही, मुलगी झाली तेव्हा आलं नाही. लोकांना वाटतं, बाई खंबीर आहे. मला वाटतं, आत काहीतरी त्या पेट्रोलपंपावर बंद पडलं ते पडलंच.

तर ती कायापो बाई. हॉटेलचं जेवण तिच्या घशाखाली उतरेना. चीजचा वास आला की ती नाक मुरडे. म्हणून एका दुपारी मी दोघांना अल मुंतझामधल्या आमच्या फ्लॅटवर आणलं. बाजारातून हमूर मासा आणला, हळद-मीठ लावून तव्यावर भाजला, आणि तांदळाच्या भाकऱ्या केल्या. ती स्वयंपाकघराच्या फरशीवर भिंतीला टेकून बसली आणि बोटांनी काटे काढत मन लावून जेवली. घरात फिरून तिने सगळे फोटो पाहिले. एका फोटोवर काळं बोट ठेवून भाच्याकरवी विचारलं, ही कोण?

"माझी आई. गेली ती. मी शाळेत असताना."

तिने काहीतरी विचारलं. भाचा म्हणाला, "ती विचारते, तू तिला कशी रडलीस?" किती रडलीस, असं नाही. कशी.

मी म्हणाले, "नाही रडले."

त्याने सांगितलं. तिला वाटलं, त्याने चुकीचं सांगितलं. तिने त्याच्या दंडावर चापट मारून पुन्हा विचारायला लावलं. मी पुन्हा तेच म्हणाले. तिने हातातला घास ताटात ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं आपण एखाद्या घरात शिरावं आणि कळावं की इथे चूल पेटत नाही. मग विचारलं, "कोणी अडवलं?"

"बाबांनी." आणि मी सगळी हकिकत सांगितली, दही-साखरेसकट. भाचा तुकड्या-तुकड्याने तिला सांगत होता आणि प्रत्येक तुकड्यावर ती "हं" म्हणत होती. शेवटी ती तुमच्याबद्दल एकच शब्द बोलली. मी म्हणाले, काय म्हणाली? भाचा हसला, "हे इंग्रजीत नाही." खरं सांगते, त्या दिवशी मला फार बरं वाटलं. इतक्या वर्षांत तुम्हाला माझ्या देखत शिवी देणारं कोणी भेटलं नव्हतं.

उद्घाटनाच्या दोन दिवस आधी आमच्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि दार ओढून घेतलं. साहेब बैरूतचे, मनाने वाईट नाहीत. ब्राझीलहून फोन आला होता. बाईची म्हातारी आई गेली. गावातलं इंटरनेट बंद पडलेलं, म्हणून निरोप रेडिओवरून जवळच्या शहरात आला आणि तिथल्या माणसाने आम्हाला कळवला. तिला आणि भाच्याला अजून काही माहीत नव्हतं. मी म्हणाले, आत्ता सांगते. साहेबांनी हात वर केला. "हबीबती, विचार कर. तिकडे पुरून झालं. आज विमानात बसवली तरी ती कशालाच पोचत नाही. आत्ता सांगून ती काय करणार? गुरुवारी गाऊ दे, रंगवू दे. शुक्रवारी सकाळी आपण सांगू, प्रेमाने सांगू, पहिल्या विमानाने पाठवू. खलास. तिच्यासाठीच म्हणतोय मी."

तिच्या भल्यासाठी. समजून ती काय करणार. बाबा, तुम्ही त्या बैरूतच्या माणसाच्या तोंडून बोलत होता, मधे एक हबीबती तेवढं जास्त. मी "बरं" म्हणून बाहेर आले. त्या दिवशी मी दिवसभर तिच्याबरोबर होते. तिने मला नातवंडांचे फोटो दाखवले. एका फोटोत तिची आई होती, सुरकुतलेली, तोंडात पाइप, चेहऱ्यावर लाल रंग. ती हसून म्हणाली, परत गेले की म्हातारी आधी माझ्या गळ्यात पडून रडेल, मग दोह्याहून काय आणलंस म्हणून बॅग उपसेल. मी हसले. मला हसता आलं, हे मी इथे लिहून ठेवते. तुम्ही बूट काढता काढता आईचा निरोप कसा सांगू शकत होता, ते मला त्या दिवशी कळलं. काही अवघड नसतं ते. तोंड आपोआप बोलतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलमागच्या खोलीत तिने रंग कालवला. इतक्या लांबच्या प्रवासात रस बिघडला तर नाही ना, हे बघायला तिने माझा उजवा हात मांडीवर ओढून घेतला आणि ताडाच्या काडीने रेघा ओढायला लागली. कोपरापासून खाली, बारीक, एकीला एक लागून. काडी थंड लागते. ती गुणगुणत होती. भाचा खिडकीशी कॅमेऱ्याची बॅटरी बदलत होता. टेबलावर पुठ्ठे कापायची स्टीलची पट्टी पडली होती, धारदार कडेची. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थोडंच राहतं, असं काहीतरी माझ्या मनात आलं, आणि मी भाच्याला म्हणाले, "तुझी आजी गेली."

त्याने बॅटरी खाली ठेवली. "कधी?"

"रविवारी."

"तुला कधी कळलं?"

"काल."

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेबद्दल मी काही लिहू शकत नाही. त्याने मावशीला काही सांगितलं नाही. तो फक्त खाली बसला, डोळ्यांवर हात धरला आणि त्याच उंच सुरात सुरू झाला. तिला त्या सुरावरूनच कळलं. ती क्षणभर माझा हात तसाच धरून होती. मग काडी उडाली, रंगाची वाटी उडाली, आणि ती ओरडली ती अशी, की पुढच्या हॉलमधले मजूर हातातलं टाकून धावले. ती उभी राहिली, खाली आपटली, पुन्हा उठली. हाताने डोकं बडवत होती, मग हात पुरेना. त्यांच्या बायका पूर्वी अशा वेळी कोयत्याने डोकं फोडून घेत, हे मी वाचलेलं होतं. तिने ती पट्टी उचलली आणि तासलेल्या टाळूवर घातली. एकदा, दोनदा. भाच्याने तिला मागून मिठी मारून आवळलं तोवर रक्त भुवयांवरून डोळ्यांत उतरलं होतं, आणि त्यातूनही ती थांबली नाही. आईला हाका मारत होती. भाषा येत नसली तरी आईला मारलेली हाक कळते. मी अर्धवट रंगवलेला हात पुढे धरून जागच्या जागी उभी होते.

दवाखान्यात टाके पडले. उद्घाटन तिच्याशिवाय झालं, पाहुण्यांनी खजूर खाल्ले, मुकुटांपुढे फोटो काढले. साहेब मला म्हणाले, "एक दिवस! तुला एक दिवस तोंड बंद ठेवता येत नव्हतं?" महिनाअखेरीला माझं काम सुटलं. नवऱ्याच्या व्हिसावर आहे म्हणून अजून दोह्यात आहे. माझ्या हातावरच्या रेघा काळ्या पडल्या, काही दिवस राहिल्या आणि फिकट होत गेल्या. घरी सगळे माझ्याशी जपून बोलत होते. नवरा म्हणाला, तू योग्य केलंस, दुसरं कोणी केलं नसतं. मुलीने न विचारता मला मिठी मारली.

ती निघायच्या दुपारी मी हॉटेलवर गेले. तिने केस कापून टाकले होते, अंगावर रंगाचा ठिपका नव्हता, डोक्याला पट्टी. तिने मला पलंगावर नाही, खाली, तिच्यासमोर बसवलं. भाच्याकरवी म्हणाली, "तू मला झाकून ठेवलं नाहीस. तुझे बाबा तुझ्याशी तसं वागले, तरी तू माझ्याशी तसं वागली नाहीस. तू मला मुलीसारखी." मग तिने माझ्या आईचं नाव विचारलं. तुम्ही ते नाव पेट्रोलपंपानंतर कधी तोंडाने घेतलं नव्हतं. "ती", "तुझी आई", बस. मी सांगितलं. तिला ते जोडाक्षर जमेना, तीन-चारदा घोळवून तिने ते आपल्यापुरतं करून घेतलं. आणि डोळ्यांवर हात धरून ती माझ्या आईला रडली. तोच सूर, मधे मधे ते मोडकं नाव. आई गेल्यावर मामी रडली असेल, खाला रडल्या असतील, पण माझ्या कानावर पडेल असं कोणी रडलं नव्हतं. जगाच्या दुसऱ्या टोकाची एक बाई, स्वतःची आई गेलेली, डोक्याला टाके, ती माझं राहिलेलं काम करत होती आणि मधे थांबून मला वाट करून देत होती, की आता तू ये. मी बसून होते. डोळ्यांत टिपूस नाही. तिने खूप वाट बघितली. शेवटी माझा हात धरून तिनेच तो माझ्या डोळ्यांवर ठेवला, आणि मी त्या हाताआडून बघत राहिले, तिच्या पट्टीखालून टाक्यांचा दोरा कुठे दिसतो का.

तिला वाटतं, मी तिच्यावर उपकार केले. भाचा अजून सणावाराला मेसेज करतो, मावशी तुझी आठवण काढते म्हणून. नवऱ्याला वाटतं, मी तत्त्वासाठी नोकरीवर पाणी सोडलं. मी कोणाचाही गैरसमज दूर केलेला नाही. त्या सकाळी मला तिची दया आली नव्हती, बाबा. वेळेवर कळलं की माणूस काय करतं, ते मला एकदा समोरून बघायचं होतं. टेबलावरची पट्टी मला दिसत होती आणि मी ती उचलून ठेवली नाही. हे पत्र कुठे टाकायचं नाही म्हणून एवढं तरी लिहिता आलं. आणि हे ऐकून ज्याला धक्का बसणार नाही, असं माणूस मला तुमच्याशिवाय दुसरं आठवलं नाही.